अण्णा हसतमुख नव्हते, मग पुण्यस्मरणाला काय बोलू?

मावशी, नमस्कार.

माझं वय 55. आम्ही डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतले. माझे वडील, अण्णा, गेल्या मार्गशीर्षात वारले. मूळ गाव साताऱ्याकडचं. मिलमध्ये सुतारखात्यात होते. 82च्या संपात मिल सुटली ती सुटलीच, मग चाळीच्या जिन्याखाली बसून त्यांनी देव्हारे करायला घेतले. माळकरी होते. एकादशी कधी मोडली नाही. आषाढीची वारी गुडघे गेले तेव्हाच थांबली, मग वडाळ्याच्या विठोबाला जायचे.

पुढच्या महिन्यात प्रथम पुण्यस्मरण आहे. सकाळी विधी, संध्याकाळी कीर्तन. कीर्तनाआधी पाच मिनिटं मी बोलायचं आणि कार्डावरचा मजकूरही मीच लिहायचा, असं ठरलं. धाकट्या भावाने नमुना पाठवला: ‘धर्मपरायण, कुटुंबवत्सल, मनमिळाऊ, सदा हसतमुख.’ वाचून डोकं फिरलं माझं. अण्णा हसतमुख नव्हते हो. दिवसदिवस बोलायचे नाहीत. खाच चुकली की स्वतःवर चिडायचे आणि तो राग आमच्यावर निघायचा. मला रंध्याला हात लावू दिला नाही, ‘पोरींचं काम नाही’ म्हणाले. मी चित्रकलेच्या एलिमेंट्री, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड होती. दहावीनंतर चित्रकलेच्या कोर्सला जायचं होतं. ते 86 साल. त्याच उन्हाळ्यात अण्णा गावी गेले आणि तीन महिने राबून विठ्ठलाच्या देवळाचं दार केलं. एक पैसा घेतला नाही, उलट कड्या-कोयंड्याचं पितळही पदरचं घातलं. तिथूनच वारीला गेले. इकडे फीची मुदत गेली. मी गारमेंटमध्ये धागे कापायला लागले.

ते दार आजही आहे. पावसाळ्यात गावातली दारं फुगून अडकतात, ते अडकत नाही. अण्णा देव्हाऱ्याच्या ड्रॉवरलासुद्धा पावसासाठी एक सूत जागा सोडायचे.

हे सगळं बोलणार म्हटलं तर भाऊ म्हणाला, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. शेवटची दोन वर्षं त्यानेच अण्णांचं सगळं केलं, म्हणून मला उलट बोलताही येत नाही. आई काहीच बोलत नाही. त्यात चाळीच्या पुनर्विकासासाठी खोली रिकामी करून द्यायची आहे. हत्यारांची पेटी भंगारात द्यावी असं भावाचं मत, पुतण्या म्हणतो फ्रेम करून नव्या घरात लावू. अण्णांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा नालासोपाऱ्याला असतो, तो दोनदा फोन करून गेला. मी खोटं बोलू, की गप्प बसू?

— डिलाईल रोडची लेक

*

खोटं बोलू नकोस आणि गप्पही बसू नकोस. पाच मिनिटं मिळाली आहेत, ती पुरतील. आधी एक सांगते. तुझ्या एवढ्या पत्रात अण्णा मला दिसले ते एकाच जागी, ड्रॉवरला सोडलेल्या त्या एक सूत जागेत.

हे वाचणाऱ्या सगळ्यांना सूत ठाऊक असेलच असं नाही, म्हणून लिहिते. इंचाचे आठ भाग केले की एक सूत. मुंबईच्या हवेत लाकूड पाणी पितं, आणि ते लांबीत नाही, रुंदीत फुगतं. एप्रिल-मे महिन्यात अगदी नीट बसवलेला ड्रॉवर जुलैत ओढून निघत नाही. सागवान त्यातल्या त्यात कमी हलतं, पण हलतं. गिऱ्हाईक देव्हारा न्यायला येतं तेव्हा त्याला हे काही दिसत नाही. त्याला महिरप दिसते, कळस दिसतो, पॉलिशची चकाकी दिसते. उलट ड्रॉवर जरा सैल आहे असंच त्याला वाटणार. तरीही ती जागा सोडायची, कारण श्रावणातल्या सोमवारी पहाटे कुणीतरी उदबत्तीसाठी तो ड्रॉवर उघडणार आहे. हे तुझे वडील. न बोलणारे, चिडणारे, आणि कधी न पाहिलेल्या बाईच्या पहाटेचा विचार करून एक सूत लाकूड कमी ठेवणारे.

भावाने सुचवलेल्या चार शब्दांत यातलं काही बसत नाही. त्या शब्दांत कुणाचेही वडील बसतात. वर्तमानपत्रातल्या त्या पानावर रोज बसतच असतात. भायखळ्याच्या राणीबागेशेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 साली उघडलेलं. गेली नसशील तर जाऊन ये. तुझी चित्रकलेची नजर आहे, तुला आवडेल. तिथे मातीच्या छोट्या बाहुल्या मांडल्या आहेत, त्या काळच्या मुंबईतल्या माणसांच्या आणि धंद्यांच्या. पागोटं, धोतर, बसण्याची ढब, सगळं बारकाईने केलेलं. पाहताना मला नेहमी वाटतं, इथे धंदा हुबेहूब उतरला, पण घरी गेल्यावर हा माणूस कुणाशी काय बोलायचा ते कुठे गेलं? आणि आपल्या पुण्यस्मरणाच्या कार्डांत नेमकं उलटं घडतं. गुणांची रास असते, पण हा माणूस दिवसभर हाताने काय करत होता ते एका अक्षराने नसतं. तुला दोन्ही ठाऊक आहे. रंध्याला हात लावू दिला नाही तरी तू बघत बसलीस, म्हणून तुला सूत कळतं, खाच कळते, दार का अडकत नाही ते कळतं. घरात हे लिहू शकणारं दुसरं कुणी नाही.

आता ‘गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये’ याबद्दल. कीर्तन ठेवलंय ना संध्याकाळी? मग भावाला विचार, गोरोबाकाकांची कथा ऐकली आहे का. तेरचे गोरा कुंभार. माती तुडवताना नामात इतके रंगले की रांगत आलेलं स्वतःचं मूल पायाखाली आलं, तरी कळलं नाही. पाणी घेऊन आलेल्या बायकोने ते पाहिलं आणि जो आक्रोश केला, तो कथेत अजून जसाच्या तसा आहे. ती नवऱ्याला बोलली, विठ्ठलालाही बोलली. वारकऱ्यांनी शतकानुशतकं ही कथा सांगितली, पण त्या बाईचा आवाज गाळला नाही, आणि गोरोबांना काका म्हणणंही सोडलं नाही. पुढे चमत्कार होतो, मूल परत मिळतं, तो भाग कीर्तनकार रंगवून सांगतात. मला मात्र मधला भाग महत्त्वाचा वाटतो. भक्ती खरी, कारागिरी खरी, आणि घरातल्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागली हेही खरं, असं मानणाऱ्या परंपरेतले तुझे वडील. त्यांच्या स्मरणाला तू खरं बोललीस तर परंपरेबाहेरचं काही करत नाहीस.

86 सालाबद्दल मी आडपडदा न ठेवता लिहिते. ते चूक होतं. तीन महिन्यांच्या मजुरीतला काही भाग मागून घेता आला असता, पितळ गावाने घातलं असतं, नाहीतर मुदत उलटायच्या आत मुंबईला एक फेरी मारता आली असती. यातलं काही झालं नाही, आणि ए ग्रेडवाली मुलगी धागे कापायला गेली. देवाच्या कामासाठी झालं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

माळकऱ्यांच्या मुलांना आणखी एक गोष्ट आपसूक कळेल. वारी नेमकी कधी येते? माउलींची पालखी ज्येष्ठ वद्यात आळंदीहून निघते. म्हणजे जूनच्या आसपास शाळा उघडतात, दहावीचे निकाल लागतात, वह्या-पुस्तकं-छत्र्या घ्यायच्या असतात, चाळीच्या कौलांतून किंवा गच्चीतून गळायला लागतं, आणि घरचा कर्ता माणूस लोणंद-फलटणच्या वाटेवर असतो. गिरणगावातल्या किती घरांत दर वर्षी असं झालं असेल. त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, कारण वारीला जाणाऱ्याला घरून अडवायचं नाही हाही रिवाज. तुझा राग एका उन्हाळ्यापुरता नसेल, अशा कित्येक जूनचा तो साठला असेल.

आणि तरी त्या माणसाच्या बाजूनेही क्षणभर बघ. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संपाचे पुढारी दत्ता सामंत यांनी तो संप रीतसर मागे घेतल्याचं कधी जाहीरच झालं नाही, त्यामुळे संपला कधी हेही कुणाला सांगता येत नाही. तुझे अण्णा त्यात सुटले. मिलच्या सुतारखात्यात डागडुजी करणाऱ्या माणसाचं नाव कशावर लागत नाही. सामान साच्यावर, म्हणजे मागावर, जातं, झिजतं, फेकलं जातं. मग जिन्याखाली बसून केलेले देव्हारेही एकेक करून लोकांच्या घरी निघून गेले. अशा माणसाला देवळाचं दार करायला मिळालं. मला वाटतं, चार वर्षं बेकारीचा शिक्का घेऊन वावरल्यावर आपण कोण आहोत हे त्यांना त्या दारात परत सापडलं असावं. पैसे घेतले असते तर ती मजुरी झाली असती. हे लिहून मी त्यांना सोडवत नाही. त्यांनी ते दार स्वतःसाठी केलं, विठोबासाठी केलं, आणि किंमत तुझ्या नावावर टाकली, तुला न विचारता.

म्हणजेच त्या दारात तुझी फी आहे. पितळ अण्णांचं, हात अण्णांचे, पण चित्रकलेचा कोर्स तुझा गेलाय त्यात. गावाला वाटतं दार एकट्या अण्णांनी दिलं. ते दोघांनी दिलंय. एकाने मनापासून, दुसऱ्याने नाइलाजाने. हे तू कीर्तनाआधी उभं राहून सांगावंस असं मला वाटतं. तक्रारीच्या सुरात सांगायची गरज नाही आणि मोठेपणाचा आव आणायचीही नाही. घडलं तसं सांग.

पण सांगण्याआधी एका माणसाशी बोल. तुझ्या पत्रात आईला एकच वाक्य मिळालं आहे, ‘आई काहीच बोलत नाही’. अगं, तिला कुणी विचारलं का? ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द कार्डावर अण्णांच्या नावापुढे छापला जाणार आहे. 160 चौरस फुटांच्या खोलीत, संपाच्या काळात, चूल पेटती कुणी ठेवली? गिरणगावातल्या बायकांनी तेव्हा काय काय केलं ते मला माहीत आहे. खानावळी चालवल्या, पापड लाटले, दागिने गहाण ठेवले. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते खानावळवाल्या बायकांसाठीच, कारण व्याजाच्या ओझ्याखाली त्या दबल्या होत्या. तुझी आई यात कुठे होती? अण्णांनी एकादशी मोडली नाही, बरोबर. पण मुलांसाठी भाकरी वेगळी आणि त्यांच्यासाठी भगर वेगळी, असा दोनदा स्वयंपाक त्या दिवशी कुणी केला? तीन महिने नवरा गावी दार करत होता तेव्हा तुझ्या फीसाठी तिने कुणाकडे हात पसरले होते का, हे तुला ठाऊक आहे का? मला वाटतं ती गप्प आहे कारण तिच्याकडे तुझ्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. एक दुपार तिच्याजवळ बस. खोली आवरताना बसलीस तर उत्तम, वस्तू हातात आली की माणूस बोलतं. आणि तिने ‘हे सगळ्यांसमोर नको’ म्हटलं तर ते ऐक. तिचा अधिकार तुझ्याआधीचा आहे.

भावाचं थोडं वेगळं आहे. तो खोटं बोलायला सांगतोय असं समजू नकोस. दोन वर्षं ज्याने बापाला आंघोळ घातली, कूस बदलली, रात्री उठून पाणी दिलं, त्याच्या डोळ्यांपुढे अण्णांचं ते शेवटचं शरीर असणार. ‘हसतमुख’ लिहून त्याला ते पुसायचं असेल. त्याला सांग, पाच मिनिटांतली दोन तू बोल, आणि फक्त या दोन वर्षांबद्दल बोल. अण्णा शेवटी काय खायचे, कशाला नको म्हणायचे, कुठला अभंग लावला की डोळे मिटायचे. तो कदाचित नाही म्हणेल, रडू येईल म्हणून. मग तू त्याच्या वतीने सांग. ज्या सभेत मुलीच्या फीचा उल्लेख होतो तिथे मुलाच्या सेवेचाही झाला पाहिजे, नाहीतर तुझं खरंही अर्धंच.

मजकुराबद्दल. कार्डावर चार विशेषणांऐवजी चार गोष्टी लिही. मी तुझ्याच पत्रातून जोडून दाखवते, तुला हवं तसं बदल:

‘अण्णा सुतार होते. आधी गिरणीत, मग चाळीच्या जिन्याखाली. त्यांचे देव्हारे मुंबईत अनेक घरांत आहेत आणि त्यांचे ड्रॉवर पावसाळ्यात अडकत नाहीत. गावच्या विठ्ठल मंदिराचं दार त्यांनी 1986 साली केलं. ते कमी बोलत. गुडघे चालले तोवर पंढरीला चालत गेले.’

बघ, यात एकही खोटा शब्द नाही आणि भावालाही खटकेल असं काही नाही. फीचं कार्डावर नको, ते तोंडाने सांगायचं. छापलेला शब्द पाहुण्यांच्या घरी पडून राहतो आणि त्याचा अर्थ कुणीही काहीही लावतो.

बोलण्यासाठी आणखी माहिती गोळा करायची असेल तर लोकांना ‘अण्णा कसे होते’ असं विचारू नकोस. सगळे ‘देवमाणूस’ म्हणतील आणि तू होतीस तिथेच राहशील. विचार, ‘तुमच्याकडचा देव्हारा कधी केला? लाकूड कुठलं आणलं होतं? पैसे किती हप्त्यांत दिले? काही बिनसलं होतं का?’ रे रोडच्या वखारीतलं जुन्या इमारतीचं सागवान होतं, की कुणाच्या मोडलेल्या पलंगाचं, हे लोकांना बरोबर आठवतं. चाळ रिकामी होते आहे, लोक विरार-पनवेलपर्यंत पांगतील, तेव्हा हे या महिन्यातच कर. देव्हाऱ्यांचे फोटो मागव, आणि जमलं तर एखाद्याचं माप घेऊन तू स्वतः चित्र काढ. ए ग्रेडचा हात इतक्या वर्षांनीही पेन्सिल विसरत नाही. भजनी मंडळातल्या म्हाताऱ्यांनाही गाठ. अण्णा घरी बोलत नव्हते म्हणजे तिथेही बोलत नव्हते असं नाही, आणि तिथे ते मोकळेपणी हसत होते असं कळलं तर तुला वाईट वाटेल, तेवढी तयारी ठेव.

राहिली पेटी. भंगारात द्यायची नाही, यावर मी ठाम आहे. भंगारवाला लोखंडाचे किलोवर पैसे देईल, आणि चांगल्या पोलादाची जुनी पटाशी आज पैसे देऊनही सहज मिळत नाही. फ्रेम करून भिंतीला लावणंही मला पटत नाही. नव्या 500 चौरस फुटांत ती आधी कौतुकाची होईल, मग धुळीची. मुंबईच्या खाऱ्या हवेत न वापरलेलं हत्यार गंजतंच, काचेआड ठेवलं तरी. हत्यार चालतं राहिलं तर टिकतं.

नालासोपाऱ्याचा तो मुलगा दोनदा फोन करून गेला, म्हणजे काय ते तुला कळलंच असेल. बिचारा मागायला लाजत असणार. आज कामं प्लाय-सनमायक्याची आहेत, कटर-ड्रिल विजेवर चालतात, त्यामुळे सगळं त्याच्या उपयोगाचं नसेल. रंधे, पटाश्या, गुण्या यांतलं त्याला जे लागेल ते त्याने आधी निवडावं. पैसे घेऊ नका. अण्णांनी त्याला शिकवल्याचे घेतले नसतील, निदान तुझ्या पत्रावरून मला तसंच वाटतं. पुतण्याला फ्रेमऐवजी काहीतरी हातात दे, फूटपट्टी किंवा हातोडी, आणि नव्या घरात पहिला खिळा त्याच्याकडून मारून घे. एक हत्यार घरात राहू दे, खंडेनवमीला पूजेला लागेल.

ते एक हत्यार रंधा असावं, आणि तो तुझ्याकडे असावा. यावर कुणी वाद घातला तर माझं नाव सांग. तो मुलगा येईल तेव्हा त्याला म्हण, पातं कसं लावायचं आणि धार कशी करायची ते आधी मला दाखव, मग पेटी ने. सागवानाचा एखादा तुकडा तिथेच जिन्याखाली पडलेला असेल.

खोलीची किल्ली द्यायच्या आत हे सगळं उरकायचं आहे, म्हणून फोन आजच कर. भावाला नंतर सांगितलंस तरी चालेल, पण भंगारवाला येण्याआधी सांग. आणि आईने काय सांगितलं ते मला कळव.

— मावशी